अक्काताईंची खाट

दारात कुणी आलं की आधी स्वतः उठून त्याला जागा द्यायची, ही हिंडलग्याच्या अक्काताईंची सवय. म्हशींच्या धारा काढून दोन्ही मनगटांतल्या नसा दबल्या, बोटं बधिर झाली, तरी सवय काही गेली नाही.

उजव्या हाताचं ऑपरेशन बेळगावच्या एका डे-केअर सेंटरमध्ये झालं. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. ऑपरेशननंतर त्यांना खाट मिळाली. पण ऑपरेशन झालेल्या दुसऱ्या पेशंट, काकतीच्या मालुबाई, खाटेवाचून भिंतीला टेकून ओकाऱ्या काढत होत्या. अक्काताईंनी त्यांना आपल्या खाटेवर निजवलं आणि पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन दिवसभर बाकावर बसल्या. सिस्टरने वहीत त्या खाटेपुढे मालुबाईंचं नाव लिहिलं.

पुढे विमा कंपनीने क्लेम नाकारला. मुलगा आदर्श त्यांना घेऊन सेंटरवर गेला. बिलाच्या टेबलावरचा नागेंद्र म्हणाला, "आक्का, तुमच्या नावावर खाटच नाही. खाट नाही म्हणजे ॲडमिट नाही. तुमचं ओपीडीत गेलं. ओपीडीला विमा मिळत नाही."

"हात माझा कापलासा का खाटंचा रं?"

"आता बदलता येत नाही, आक्का."

"माणूस ओकत हुतं म्हणून उठलो मी! पडून ऱ्हायलो असतो तर आजारी, आनि उठलो म्हणून धडधाकट व्हय?"

"आई, हळू."

"तू गप रं!"

आदर्शची शिल्लक उजव्या हाताच्या ऑपरेशनातच संपली होती. डाव्यालाही विमा नाकारला गेला, तर उसने पैसे फेडायला म्हशी विकाव्या लागणार आणि पुढे धार काढणं बंद. "या खेपेला खाट सोडू नको," आदर्शने बजावलं.

डाव्या हाताचं ऑपरेशन झाल्यावर अक्काताई दात आवळून खाटेवर पडून राहिल्या. दुपारी गुंजीच्या अंबुबाई ऑपरेशन झालेल्या पायाला पट्टी बांधून लंगडत दारात येऊन उभ्या राहिल्या. एकही खाट मोकळी नव्हती. अक्काताईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग चरफडत एका कडेला सरकल्या.

"ये गं बाई, आडवी हो. पर मी उठत न्हाय."

सिस्टर धावत आली. "एका खाटेवर दोघी चालत नाहीत!"

"मग दुसरी आण. आनि त्या नागेंद्राला बोलव. माझं नाव लिही म्हणावं, माझ्या डोळ्यांदेखत. मग तिचं."

नागेंद्र आला. दोन्ही बायकांकडे पाहून त्याने पेन काढलं आणि वहीत त्या खाटेपुढे आधी अक्काताईंचं नाव लिहिलं. अक्काताईंनी आपलं नाव दोनदा वाचायला लावलं, आणि मगच डोक्याखालची उशी ओढून अंबुबाईंच्या पायाखाली सारली.