सरांनी हात फिरवला

आठवीत असताना आमच्या वर्गाला पेठेतल्या जुन्या वाड्यात नेलं होतं. वाडा कुण्या सावकाराचा. सरकारनं डागडुजी करून त्यात चित्रांचं संग्रहालय उघडलं होतं. बाकीच्या मुलींना त्याचं अप्रूप. मी तो वाडा बाहेरून रोज बघायची, कारण समोरच्या फुलबाजारात माझी आई झेंडू घेऊन बसायची. आम्ही मळ्यात फुलं तोडायचो, ती विकायची. दसऱ्याला वाड्याच्या दाराचं तोरणही तीच करून द्यायची, पण उंबऱ्याच्या आत तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. "आपलं काय काम हाय तिथं?" म्हणायची.

तोंडावर बोट ठेवून दोन रांगांत आम्ही आत गेलो. चित्रकलेचे सर पुढे, "हात लावू नका" म्हणत शिपाई मागे. भिंतींवर पगडीवाले सरदार होते आणि बायका होत्या. आरशात बघणाऱ्या, मोरापाशी उभ्या, पाण्याला निघालेल्या. सगळ्या गोऱ्यापान. भर उन्हात घागर घेऊन निघालेली बाईसुद्धा दुधानं न्हाल्यासारखी. माझ्या पाहण्यात पाणी भरणारी अशी एकही बाई नव्हती. पण सर प्रत्येकीपुढे थांबून "काय लावण्य आहे बघा" म्हणत होते आणि आम्ही नंदीबैलासारख्या माना डोलवत होतो.

मग सरांनी कागद वाटले. आवडेल ते काढा, चांगली चित्रं पुढच्या महिन्यात याच वाड्यात लागतील, म्हणाले. मुली पटापट मोरवालीसमोर बसल्या. मी जिन्याजवळच्या खिडकीत गेले. खाली आई दिसत होती. गोणपाटावर मांडी घालून, पदर कमरेला खोचून एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होती. मी तिलाच काढलं. काळी, कारण ती काळीच आहे. नाक रुंद, दात जरा पुढे, तोंड उघडं. रंग भरताना मला कळत होतं की हे जमलंय. अजूनही मला वाटतं, ते जमलं होतं.

संध्याकाळी मी आईला सांगून टाकलं, तुझं चित्र वाड्यात लागणार, तुला बघायला यावं लागेल.

"माझं? येडी झाली का तू?" ती हसली. पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या सगळ्या फुलवाल्यांना तिनं ते सांगितलं होतं. मला एवढंच हवं होतं की तिनं त्या दारातून आत यावं आणि भिंतीवर स्वतःला बघावं.

आमच्या शाळेत एक पद्धत होती. चित्र बाहेर जायचं असलं की सर त्यावर हात फिरवायचे. शाळेच्या कपाटातल्या ढालींमागे निम्मा हात सरांचाच. कोणाला त्यात वावगं वाटत नसे. माझं चित्र निवडलं आणि सरांनी ते टेबलावर घेतलं. पांढऱ्यात थोडा लाल, थोडा पिवळा मिसळला.

"सर, ती काळी आहे," मी म्हटलं.

"अगं, चित्रात उठाव नको का?" ते प्रेमानंच म्हणाले.

नाक धारदार झालं, तोंड मिटलं, केसांत गजरा आला. माझ्यादेखत आई नाकीडोळी नीटस झाली. झेंडूला तेवढा त्यांनी हात लावला नाही. मी रडलेही नाही. रडले असते तर सरांना वाटलं असतं, आनंदानं रडतेय.

चित्र लागलं, खाली माझं नाव. आईला मी येऊ नको म्हणून पाहिलं, पण ती आता कसली ऐकते. फुलं शेजारणीच्या हवाली करून, ठेवणीतली साडी नेसून ती आली. बाकी सगळे चपला घालून हिंडत होते, हिनं मात्र चप्पल दाराबाहेर काढली. माझ्या चित्रासमोरून ती सरळ पुढे गेली. मी हात धरून तिला मागं आणलं. "आई, ही बघ. ही तू."

ती बघत राहिली. मी मनात म्हणत होते, भांड. गिऱ्हाइकाशी भांडतेस तशी भांड, विचार, ही कोण सटवी बसवली माझ्या जागेवर. तिनं नुसतं विचारलं असतं तरी मी चित्र तिथल्या तिथे उतरवलं असतं.

तेवढ्यात सर आले. "मुलीनं नाव काढलं हं तुमचं."

आईनं हात जोडले. "तिला कुठं येतंय सर असं? तुमचाच हात हाय यात. तिनं काढली असती तर काळीच काढली असती मला." आणि बाजारात कोणाच्या बापाला न घाबरणारी माझी आई तोंडाला पदर लावून लाजली.

सरांवरचा राग पुढे निवळला. ते सगळ्यांनाच गोरं करायचे. आईवरचा राग मात्र राहिला. चित्र घरी आलं, तिनं ते काच लावून बाहेरच्या खोलीत टांगलं.

पुढे मी चित्रकलेच्या कॉलेजात गेले. समोर माणूस बसवून चित्र काढून आणायचं होतं. सुट्टीत घरी आले तेव्हा आईला म्हटलं, जरा बस माझ्यासमोर. तिनं भिंतीकडे बोट दाखवलं.

"हाय की एक चांगलं. आता म्हातारपणी काळी कशाला काढती गं?"