मठ्ठ्याची बादली

आमच्या भावकीत माझ्यावाचून एकबी लगीन पार पडत न्हाई. वाढायची बादली उचलायला कुणीतर लागतंयच की.

बादली हातात आसली की "कोण पावणं? काय करता?" आसं कुणी इचारत न्हाई. नुस्तं "हिकडं वाढ रं" म्हणत्यात. आई होती तवा तिच्या मागनं जायाचो. बोलायचं तिनं, मान हालवायची मी. आता आई न्हाई आन् माझी पस्तिशी उलटली. घरी म्हशीफुडं पुढाऱ्यावानी बोलतो, पर माणूस दिसला की जीभ टाळूला चिकटती. भाकरी करपली तर शिव्या द्यायलाबी घरात कोण न्हाई.

यंदा फलटणच्या एका लग्नाला मावशीनं मुद्दाम बोलवलं. म्हणली, "विट्याचं पावणं येणार हाईत, गुलाबी फेटा. त्यांच्या पोरीसाठी तुझं सांगितलंय. मी नवरीजवळ आसन, तू आपणहून जा, पाया पड, चार शब्द बोल. ह्याच्याफुडं माझ्याकडं स्थळ न्हाई रं बाबा."

कार्यालयात पाय ठेवला आन् कोपऱ्यातली खुर्ची गाठली. पाणी पीत बसलो. बंद मोबाईल कानाला लावून "व्हय, व्हय" म्हणत हिंडलो. तेवढ्यात गुलाबी फेटा पंगतीला बसला, आन् माझं हात आपोआप मठ्ठ्याच्या बादलीकडं गेलं. आमच्यात भावकीच वाढती. हितं केटरिंगची पोरं वाढत हुती, ते ध्यानातच आलं न्हाई.

म्हणलं, वाढता वाढता नाव सांगू. फेट्याफुडं वाकलो. तोंडातनं निघालं, "मठ्ठा?" परत फिरून आलो. "घ्या की, आजून घ्या." मनात म्हणलं, आरं बोल की, जल्मभर एकटा मरतूस का? त्या इचारात बादली कलली आन् मठ्ठा पावण्यांच्या धोतरावर.

"आरं, कामावर नवा हायस का?" पावणं वरडलं.

मी म्हणलो, "व्हय."

मावशी पळत आली. "आवं पावणं, ह्योच की आमचा पोरगा!"

पावण्यांनी धोतर झटकलं. माझ्याकडं बघितलं, बादलीकडं बघितलं.

"पोरगं वंगाळ न्हाई, बाई. पर माझ्या पोरीनं बोलायचं कुणासंग? बादलीसंग?"