धुडकूआप्पांनी कॉलेज पाहिलं

आमच्या कोरीट गावात सोयरीक बघायला जायचं असलं की माझे मोठे चुलते धुडकूआप्पा आल्याशिवाय कुणी गाडी जुंपत नसे. आप्पा समोरची ओसरी बघत नसत. पाणी प्यायच्या निमित्तानं ते मागच्या दारी जात, गोठा बघत, चूल बघत, गड्यांशी दोन शब्द बोलत आणि निकाल देत. मन ठरेपर्यंत त्या घरचं गोड मात्र तोंडात घालत नसत. तोंड गोड झालं की शब्द दिला गेला, मग मागे फिरणं नाही.

मी मॅट्रिक झालो तेव्हा दुसरी लढाई अजून सुरू व्हायची होती. मला सुरतेच्या कॉलेजात जायचं होतं, पण घरात तसं बोलायची छाती नव्हती. मास्तरांनीच वडिलांच्या कानावर घातलं. वडील म्हणाले, "आप्पा सुरतले जाई दखी येवो. तो हा म्हने तं जाय, नही तं कपाशी शेच."

आप्पा मला घेऊन निघाले, सोबतीला नंदुरबारचे नजीरमिया होते. कापडाच्या व्यापारासाठी ते नेहमी सुरतेला जात, गुजराती बोलत. आप्पांचा ठेवणीतला फेटा बघून ते गाडीत म्हणाले, "धुडकूभाऊ, कॉलेज शे, नवरी नही."

"पोऱ्या देनाच शे ना? मंग तेच काम," आप्पा म्हणाले.

कॉलेजच्या वसतिगृहाचे रेक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी चहा मागवला. आप्पांनी हात जोडून नको म्हटलं आणि विचारलं, "तुम्हना घर मानसं कितली?"

नजीरमियांनी ते गुजरातीत सांगितलं. रेक्टर म्हणाले, मुलं दीडशे.

"खटलं मोठं शे," आप्पा माझ्या कानात म्हणाले. मग रेक्टरांना, "माहेरले कव्हय धाडतस?"

नजीरमियांनी खाली बघत विचारलं. दिवाळीला आणि उन्हाळ्यात, असं उत्तर आलं. आप्पांची मान समाधानानं हलली. पुस्तकांची खोली, प्रयोगाची खोली, सगळं त्यांनी व्याही पायरीवर थांबावा तसं दारातूनच बघितलं. माझा जीव त्या पुस्तकांत अडकला होता. आप्पा मात्र मागच्या दाराकडे निघाले.

परत आले ते तोंड पाडून. "इतलं मोठं घर आन दावणले एक म्हैस नही. पोऱ्या वाळी जाई. सोयरीक जमाव नही."

मी फेट्याच्या शेमल्याकडे बघत राहिलो. नजीरमियांनी एकदा माझ्याकडे बघितलं.

तेवढ्यात रेक्टर जेवायला चला म्हणू लागले. आप्पा मागे सरले. नजीरमिया म्हणाले, "धुडकूभाऊ, घरना धनी ताटवर बलावस. उठी जाशी तं अपमान. गोड नको खाऊ, दायभात खाय."

हे आप्पांना पटलं. डाळभातानं शब्द जात नाही. त्यांनी पानातला गोड मोहनथाळ बोटानं बाजूला सारला, भातावर डाळ घेतली आणि मोठा घास घातला.

घास गालात तसाच राहिला. डाळीत गूळ होता. थुंकावं तर अन्न, गिळावं तर शब्द. शेवटी त्यांनी गिळला.

"नजीरमिया, दाय गोड शे."

"सुरतना लोके दायमा गूळ टाकतस."

"पहिले का नही सांगं?"

"तू इचारं नही," नजीरमिया म्हणाले आणि भात कालवू लागले.

आप्पांनी मोहनथाळ ओढून घेतला, सावकाश सगळा खाल्ला, हात धुतले आणि रेक्टरांपुढे उभे राहून म्हणाले, "पोऱ्या तुम्हना."

घरी वडिलांनी विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले, "घर भरेल शे. म्हैस नही, पन मानसं जीव लावतस." आई लगेच माझ्या गोधडीला टाके घालायला बसली.

जूनमध्ये आप्पा मला नंदुरबार स्टेशनवर सोडायला आले. लाल मिरचीची पुरचुंडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "काय वाढतीन ते खाय. पहिले चार दिन तोंड उघडू नको."

तोंड न उघडणं मला जड गेलं नाही. पाचव्या दिवशी ते कसं उघडायचं, एवढं मात्र आप्पांनी सांगितलं नव्हतं.