यजमान कुत्र्यांसाठी भाकऱ्या

माझ्या बायकोच्या मामांइतका रीतभात सांभाळणारा माणूस अख्ख्या नाशकात सापडणार नाही; फक्त ती रीतभात ते कुत्र्यांशी सांभाळतात. माणसांच्या बाबतीत त्यांचा हात जरा आखडता आहे. आमच्या लग्नात ते अक्षता पडायच्या आत जेवून निघून गेले, कारण घरी बापूंच्या औषधाची वेळ झाली होती. बापू म्हणजे मामांना इंदिरानगरच्या भाजीबाजारात सापडलेला तांबूस कुत्रा. पिल्लू असताना तो नुसता बाप्या होता. पुढे कुणीतरी मामांना सांगितलं, की कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात. मामांनी हिशेब केला, बाप्या आपल्यापेक्षा वडील निघाला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला अहोजाहो सुरू झालं. "बापू, उठता का? जरा पाय मोकळे करून येऊ," हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. मला मात्र ते नुसतं 'जावई' म्हणतात. 'जावईबापू'मधला बापू त्यांनी कुत्र्याला देऊन टाकला. धाकटी कुत्री चिंगी, ती अजून 'ए भवाने'च आहे.

दर थंडीत मामा या दोघांना घेऊन हरसूलकडे एका शेतात कॅम्पिंगला जात. तंबू घेताना दुकानदाराने विचारलं, किती माणसांचा दाखवू? "माणसांचा नकोय," मामा म्हणाले. त्या तंबूत बापू आणि चिंगी झोपत आणि मामा माकडटोपी घालून तंबूच्या दाराशी आडवे होत. मी पहिल्यांदा सोबत गेलो, तेव्हा मला गाडीत झोपायला सांगण्यात आलं, कारण परक्या माणसाचं घोरणं चिंगीला खपत नाही. पण तंबूच्याही आधी एक विधी असे. मामी पहाटे उठून बाजरीच्या भाकऱ्या थापत, त्या फडक्यात बांधून मामा नेत, आणि शेतावर पोचल्याबरोबर गावच्या कुत्र्यांना एकेक करून वाढत. "आपण त्यांच्या गावात मुक्कामाला चाललो," ते म्हणत, "रिकाम्या हातानं कसं जायचं?" मामींचं यावर एवढंच म्हणणं असे, की माझ्या माहेरी जाताना यांनी कधी बिस्किटाचा पुडा नेला नाही. शेताचे मालक दादा तर दरवर्षी विचारत, "मामा, कुत्र्यांचं झालं, आमाला काय आनलं?" मामा शांतपणे विचारत, "तुम्ही भुंकता का?"

गावच्या कुत्र्यांचा म्होरक्या होता काळ्या, एक कान फाटलेला. भाकरी खाऊन झाली की तो बांधावर उभा राहून बापूंवर गुरगुरे, बापू तंबूपुढे उभे राहून उलट गुरगुरत, आणि दोघांचं समाधान झालं की मुक्काम सुखाचा होई. मामा याला ओळखपाळख म्हणत.

गेल्या वर्षी बापूंचे मागचे पाय गेले. डॉक्टर नको म्हणाले, मामी नको म्हणाल्या, दादांचा तर मुद्दाम फोन आला. "मामा, म्हातारं कुत्रं नका आनू. पडलेल्या कुत्र्यावर बाकीचे तुटून पडतात. काळ्या तर लय वाईट हाय." मामा त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "जावई, थंडी पडल्यापासून ते रोज फरफटत गाडीपाशी जाऊन बसतात. त्यांना मी काय सांगू?"

आम्ही गेलो. मामांनी बापूंना गोधडीवर ठेवलं, पुढ्यात भाकरी ठेवली आणि मला हातात काठी घेऊन उभं केलं. काळ्या बांध उतरून थेट आला. मामा गोधडीला खेटून बसले. मी काठी उगारायची सोडून तिचाच आधार घेतला. बापू पडल्या पडल्या गुरगुरले. काळ्याने त्यांना शेपटीपासून नाकापर्यंत हुंगलं, भाकरीला तोंड लावलं नाही, मागे फिरला आणि आमच्याकडे पाठ करून बांधावर बसला. बाकीची कुत्री जवळ यायला लागली, की त्यांच्यावर धावून जायचा. उजेड होता तोवर त्याने एकालाही खाली उतरू दिलं नाही. "बघितलंत?" मामा म्हणाले. "याला रीत म्हणतात." आणि त्यांनी माकडटोपीनं डोळे पुसले.

बापू उन्हाळ्यात गेले. यंदा थंडी पडली आणि मामांचा फोन आला, हरसूलला जाऊन येऊ. तंबू घेतला नव्हता. चिंगी माझ्या मांडीवर, मागच्या सीटवर बापूंची गोधडी आणि तिच्याशेजारी भाकऱ्यांचं गाठोडं. मी विचारलं, "मामा, आता कशाला?"

"नातेवाइकांना फोन केले," ते म्हणाले. "यांना कोण सांगणार?"

शेतावर मामांनी गाडीचं मागचं दार उघडून गाठोडं काढलं. दादा आले, आणि या खेपेला स्वतःच भाकऱ्या वाढायला लागले. बाकीची कुत्री भाकऱ्यांवर पडली. काळ्या मात्र सरळ गाडीकडे गेला, पुढचे पाय सीटवर टेकून उभा राहिला आणि गोधडी हुंगायला लागला. आधी एक कोपरा, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

ऊन उतरायला लागलं होतं. परतीचा घाट डोळ्यांपुढे येऊन मी दार लावायला पुढे झालो.

"थांबा जावईबापू," मामा म्हणाले. "भेटायला आलाय तो."