मागच्या सीटवरची शाळा

"पुढच्या शिटावरचं मागं न्हाई, मागच्या शिटावरचं पुढं न्हाई."

हे म्हणताना मामा स्टिअरिंगवर दोनदा थाप मारत. एक थाप पुढच्यांसाठी, एक मागच्यांसाठी. त्यानंतर तुम्ही कितीही खोदून विचारा, त्यांची नजर रस्त्यावरून हलायची नाही.

मामा म्हणजे आमच्या गावातून पलूसच्या शाळेत मुलं नेणाऱ्या व्हॅनचे मालक आणि ड्रायव्हर. मुलं त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणायचे. बाकी गाव त्यांना 'पावणं' म्हणे. ते मूळचे वडूजकडचे, पण आमचं गाव ही त्यांची सासुरवाडी, आणि आपल्याकडे जावई दहा वर्षं राहिला तरी पाहुणाच. सैन्यात गाड्या चालवून निवृत्त झाले आणि सासूबाई एकट्या पडल्या म्हणून बायकोला घेऊन इथं येऊन राहिले. कुणी घरजावई म्हणून चिडवलं तर शांतपणे म्हणत, "घरजावई न्हवं गड्या, सासूबाईंचा डायवर."

शाळेचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर निम्मे पालक माझ्याशी भांडायला येतील आणि उरलेले निम्मे त्यांच्याशी. पाचवी ते आठवीची साधी शाळा. पण एकदा तिच्याबद्दल बोलायला लागलं की आमच्या गावात दोन माणसांचं एकमत व्हायचं नाही.

हे बोलणं चालायचं व्हॅनच्या पुढच्या सीटवर. सकाळी मुलांना सोडून व्हॅन रिकामी परत यायची. त्या रिकाम्या फेरीत पलूसचं काम उरकलेले एक-दोन पालक पुढं दाटीवाटीनं बसायचे. माझं ब्लाउज शिवायचं काम, त्यामुळे अस्तर, दोरा, हूक आणायला आठवड्यातून एक चक्कर ठरलेली. जाताना एसटी, येताना मामांची व्हॅन. मागच्या सीटा रिकाम्या असल्या तरी मागं कुणी बसत नसे. तिथं पेरूच्या फोडी, ओले मोजे आणि कालची चटणी यांचा वास मुक्कामाला असे.

संपतराव माझ्या शेजारचे, ऊसवाले. त्यांना आबा म्हणणारा मुलगा ओम माझ्या मुलीच्या, मनूच्या वर्गात. ते पुढं बसले की पहिलं वाक्य ठरलेलं, "शाळा लय सैल सोडलीया." एकदा गणिताच्या बाईंनी सगळ्या वर्गाला दोरी घेऊन मैदान मोजायला लावलं. संपतराव दुसऱ्या दिवशी कडाडले, "पोरगं उन्हात काळं ठिक्कर पडलं. रान मोजायला तलाठी हाय की! शाळंत कशापायी?" जादा तास मात्र त्यांना फार आवडायचे. माझं म्हणाल तर मीही काही मागं नव्हते. गृहपाठ कमी, इंग्रजी कमी, खेळ फार, अशी माझी यादी पाठ होती. मामा सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "व्हय ताई."

मग मी विचारायचे, "आणि मामा, पोरं काय म्हणतात हो शाळेबद्दल?"

दोन थापा पडायच्या.

व्हॅन त्यांनी फौजी पद्धतीनं ठेवलेली होती. बाहेरून आरशासारखी. तिच्यात बघून मी एकदा टिकली नीट केली आहे. मात्र आतल्या सीटांना त्यांनी कधी फडकं लावलं नाही. पोरं रेक्झिनवर बॉलपेननं काहीबाही गिरवतात हे लांबून दिसायचं. संपतराव म्हणालेसुद्धा, "पावणं, आतनं पण पुसा की." मामा म्हणाले, "आतली साफसफाई पोरांची डूटी हाय." आणि पोरं ती डूटी कधी करायची नाहीत.

आता माझ्या मूर्खपणाबद्दल सांगते. माझे मिस्टर फौजेत, तेव्हा घरातले निर्णय माझेच. सहावीच्या मध्यात मी ठरवलं की मनूला इथून काढायचं आणि सांगलीला वसतिगृहाच्या शाळेत घालायचं. कारण विचाराल तर, मनू. ही मुलगी घरी शाळेबद्दल अवाक्षर काढायची नाही. "शाळा कशी आहे गं?" तर "बरी." "बाई कशा आहेत?" "बऱ्या." "मैत्रिणी?" "बऱ्या." मला वाटलं, पोरीचं मन रमत नाही. जी शाळा मुलीच्या तोंडून धड एक वाक्य काढू शकत नाही, ती कसली शाळा?

एक दिवस व्हॅनमध्ये मी मामांना हे सगळं सांगितलं. शाळेचा दाखला काढायचा अर्ज रात्री मनूसमोरच बसून लिहून पर्समध्ये ठेवला होता, तोही दाखवला. शनिवारी पालक सभा होती, त्याच दिवशी अर्ज देणार होते.

मामांनी व्हॅन एकदम हळू केली. पुढं म्हैस नव्हती की खड्डा नव्हता. मग म्हणाले, "पोरीला इचारलं का, ताई?"

"ती काय सांगणार? बरी म्हणते."

मामांनी गिअर बदलला. त्या दिवशी त्यांनी स्टिअरिंगवर थाप मारली नाही, हे मला नंतर आठवलं.

शनिवारी सभेला जायला आम्ही सहा पालक चावडीपाशी जमलो. व्हॅन आली. पुढच्या सीटवर मामांच्या सासूबाई बसल्या होत्या. नऊवारी, कपाळभर कुंकू, मांडीवर पिशवी, आणि साऱ्या गावाकडं वरून बघत असल्यासारखा चेहरा.

"सासूबाईंना डॉक्टरकडं न्यायचं हाय," मामा म्हणाले. "आज समदी मागं बसा."

आम्ही मागं कोंबलो गेलो. त्या सीटा पोरांच्या मापाच्या, आमचे गुडघे हनुवटीला लागायचे. संपतरावांना तर बसल्यावर हलताच येईना. मान वळवायलाही जागा नव्हती, त्यामुळे बघायला समोर एकच गोष्ट होती. पुढच्या सीटची पाठ.

ती पाठ वरपासून खालपर्यंत लिहिलेली होती.

'जादा तास म्हणजे दंड.' 'खेळाचे सर देव आहेत.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'देव शिट्टी फार जोरात वाजवतो.' 'आज बाई रडल्या. आम्ही गप्प बसलो. उद्या त्यांना चिंचा देणार.' 'चिंचा दिल्या. हसल्या.' एका कोपऱ्यात मैदानाचा आराखडा काढून मापं टाकलेली आणि खाली, 'माझं माप बरोबर आलं. आबांच्या रानाचं पण मोजणार. ओम.'

संपतरावांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "अक्षर बाकी झ्याक हाय गड्याचं."

मी मनूचं अक्षर शोधत होते. मनू अक्षरं टाक्यांसारखी काढते, बारीक आणि एकसारखी, माझ्याशेजारी बसून शिवण बघत वाढलेली ना. ते खिडकीजवळ सापडलं. एकच ओळ नव्हती, कित्येक महिन्यांच्या ओळी होत्या. पहिली होती, 'आज फळ्यावर गणित केलं. चुकलं. कुणी हसलं नाही.'

आम्ही आधी आष्ट्याला राहत होतो. तिथं वर्गातली मुलं हिच्यावर हसायची. दर सोमवारी सकाळी हिचं पोट दुखायचं आणि मी ओवा चारायचे. इथं आल्यापासून तिचं पोट एकदाही दुखलं नव्हतं. दुखणं आलेलं आईला कळतं, पण गेलेलं मला कळलंच नव्हतं.

तिच्या ओळी वाचत वाचत मी शेवटच्या ओळीपर्यंत आले. 'आई दाखला काढणार आहे. कुणाला सांगू नका.'

त्याखाली चार-पाच वेगवेगळ्या हातांनी लिहिलं होतं. 'नको जाऊ.' 'कुणाला नाही सांगणार.' 'मी पण नाही.' 'खिडकीची जागा तुझीच. कुणाला बसू देणार नाही. ओम.'

मी त्या खिडकीच्याच जागेवर बसले होते.

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. शाळेपाशी उतरल्यावर मी सरळ मामांसमोर जाऊन उभी राहिले. "तुम्हाला सगळं माहीत होतं. रोज ऐकत होतात. मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"मागच्या शिटावरचं पुढं न्हाई, ताई."

"मग आज?"

"आज म्या काय बोललो?" मामांनी कानाला हात लावला. "आज तुमीच मागं बसला व्हता."

सभेत मी एकही तक्रार केली नाही, म्हणून गणिताच्या बाईंनी माझी तब्येत विचारली. अर्ज पर्समध्येच राहिला. परतताना सासूबाई तशाच पुढं बसलेल्या. मी विचारलं, "आजी, डॉक्टर काय म्हणाले?"

"कशाचा डाक्तर? मला काय धाड भरलीया?" आजी म्हणाल्या. "जावई म्हनलं, चला, भेळ खाऊन येऊ."

मामा रस्त्याकडं बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

व्हॅन गावात शिरायच्या आत मी पर्समधून पेन काढलं आणि मनूच्या ओळीखाली लिहिलं, 'दाखला काढणार नाही. आई.' गाडी हलत होती, अक्षर वेडंवाकडं आलं. सोमवारी संध्याकाळी मनू घरी आली ती दप्तरासकट येऊन मला चिकटली. "काय झालं गं?" म्हटलं, तर म्हणाली, "काही नाही." मीही पुढं काही विचारलं नाही. पुढचं मागं नाही, मागचं पुढं नाही.

गेल्या हिवाळ्यात आजी गेल्या. झोपेतच, कुणाला त्रास न देता. दिवसकार्य झालं आणि मामा बायकोला घेऊन वडूजकडं परत निघाले. पोरांनी विचारलं, "मामा, सीटा पुसणार का?" मामा म्हणाले, "ती डूटी तुमची. तुमी केली न्हाई." आणि व्हॅन जशीच्या तशी घेऊन गेले.

मुलांना आता नवी व्हॅन आहे. सीटांवर प्लॅस्टिक आहे, त्यावर पेन उठत नाही. पुढची जागा रिकामी असली तरी मी मागं जाऊन बसते. नव्या ड्रायव्हरला वाटतं, बाईंना पुढं गाडी लागते.

परवा मामांचा फोन आला. तिकडं ते त्याच व्हॅनमधून बाजारच्या दिवशी बायाबापड्यांची ने-आण करतात. म्हणाले, "ताई, हितल्या बायका मागं बसून समदं वाचत्यात. परवा एक जण वाचता वाचता उतरायची इसरली. तिचं गाव मागं गेलं तवा मला म्हनती, 'आवं, ती पोरगी ऱ्हायली न्हवं शाळंत?' म्हनलं, खाली बघा, तिच्या आईचं अक्षर हाय."

मग त्यांनी विचारलं, "मनू सातवीत न्हवं आता? शाळा कशी हाय म्हनती?"

"बरी म्हणते."

पलीकडं मामा मोठ्यांदा हसले. त्यांचा नियम आता संपला होता.

"आवं ताई," ते म्हणाले, "मागं बसून पोरं ज्याला लय भारी म्हनायची ना, त्यालाच घरी बरी म्हनायची."