बोबोंना त्यांच्याच घरातून घालवलं

आता काय सांगू तुम्हाला, बावीस वर्षं झाली शिकवतोय. पाहुण्याशी कसं वागावं, मोठ्यांचा मान कसा राखावा, हे पोरांकडून घोकून घेतलंय. आणि मीच परक्या देशात जाऊन एका ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला त्याच्याच घरातून बाहेर घालवलं! धक्के मारून नाही हो. चहा पाजून.

हसू नका. आधी ऐका तर.

शिक्षकांच्या अदलाबदलीच्या एका कार्यक्रमात माझा नंबर लागला. मी घाटनांदूरचा, भूगोलाचा मास्तर. सोबत गेवराईचे शेख सर, विज्ञानाचे. दोघं थेट उझबेकिस्तानात, समरकंदजवळच्या एका खेड्यात! दहा दिवस तिथल्या शिक्षिकेच्या घरी राहायचं, तिच्या शाळेत जायचं, ते खातील ते खायचं.

शिक्षिकेचं नाव दिलोरोम. बाई गुणाची. हिंदी सिनेमे बघून बघून मोडकंतोडकं हिंदी शिकलेली. नवरा कामासाठी रशियात. आपल्याकडं कोयते घेऊन उसाला जातात तसा सहा-सहा महिने बाहेर. घरात दोन मुली आणि सासरे. सगळे त्यांना बोबो म्हणायचे. बोबो म्हणजे आजोबा. तेही शाळामास्तरच, आता रिटायर.

पहिल्याच दिवशी दिलोरोमबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. आजी गेल्यापासून बोबो बोलतच नव्हते. दोन वर्षं नुसतं हूं आणि नाही. आणि आम्ही आलो त्या सकाळी, मेहमान मास्तर आहेत कळल्यावर, त्यांनी स्वतःहून पहिल्या शाळेची गोष्ट सुरू केली.

"मास्टरजी, आप सुनते रहना," एवढंच म्हणाली बिचारी. तिचे डोळे भरले होते. मी म्हणलं, ताई, ऐकणं हे काम आपलं!

आणि खरंच ऐकलं हो मी. चार दिवस. किताब, दुनिया, मुअल्लिम म्हणजे मास्तर, असे ओळखीचे शब्द आले की मान हलवायची, बाकीचं बाईंकडून समजून घ्यायचं. म्हातारा फुलून यायचा. बर्फातून दोन कोस चालत शाळेला गेल्याचं सांगताना उठून चालून दाखवायचा. मला माझ्या वडलांची आठवण यायची.

फक्त एक गोष्ट मनाला टोचत होती. चहा!

तिथं चहा पियाल्यात देतात. कान नसलेली वाटीच म्हणा. आणि त्यात ओततात किती? दोन घोट! पियाला तळाशी ओला होतो न होतो तोवर हात आखडता. ते संपले की पुन्हा दोन घोट. दिवसभर हेच!

आता आमच्याकडचा चहा तुम्हाला ठाऊक आहे. कपातून सांडून बशीत आला नाही तर पाहुणा रुसतो. अर्धा कप दिला तर गावभर सांगत सुटतो, "जा म्हणले न्हाईत, एवढंच!"

"शेख सर, अर्धाच कावून देतेत हो ही माणसं?" मी तिसऱ्या दिवशी न राहवून विचारलं.

"गरिबी असंल," शेख सर गंभीरपणे म्हणाले. "पोरगा परमुलखात, घरात चार तोंडं, वर आपन दोघं. चहा पुरवून पुरवून वापरत असतील."

"आन् आपन रोज ढोसतोय!"

"लई वाईट वाटतंय बघा."

झालं! दोन शहाणे एकत्र आले. बाजारात जाऊन आम्ही किलोभर चहापत्ती आणली आणि बोबोंच्या पुढं ठेवली. त्यांनी छातीवर हात ठेवून मान लववली. मी शेख सरांकडं बघितलं. बघा, कसा चेहरा उजळला!

संध्याकाळी पियाले आले. पुन्हा दोनच घोट.

"काटकसर अंगात मुरली हो त्यांच्या," शेख सर हळहळले. "आता आपनच काहीतरी करायला पाहिजे."

हे 'काहीतरी' माझ्या डोक्यात शिरलं, तिथंच घात झाला.

पाचव्या दिवशी बोबो रंगात आले होते. त्यांच्या वर्गातल्या एका व्रात्य पोराची गोष्ट चालली होती. बोलून बोलून घसा सुकलेला. मला भरून आलं. मी सरळ किटली उचलली, त्यांच्यापुढं गुडघे टेकले आणि त्यांचा पियाला भरायला लागलो. निम्मा झाला, थांबलो नाही. काठाला आला, थांबलो नाही. चटईवर दोन थेंब सांडले तेव्हाच किटली खाली ठेवली.

बोबो वाक्यातच थांबले.

पियाल्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. छातीवर हात ठेवला, डोक्यावरची टोपी नीट केली, काठी घेतली आणि दाराबाहेर गेले.

"काय झालं हो?" शेख सर कुजबुजले.

"कळलं न्हाई? लई खूश झालेत. काहीतरी गोडधोड आणायला गेले असतील."

घ्या! केवढा हा आत्मविश्वास!

तेवढ्यात दिलोरोमबाई आत आल्या. पियाला बघितला आणि मटकन खाली बसल्या. "मास्टरजी, ये किसने भरा?"

"मैंने! प्यार से!"

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझ्या पायाखालची जमीन सरकली. तिथं पियाला जितका कमी भरावा तितका मान मोठा. दोन घोट म्हणजे, बसा, मला तुम्हाला पुन्हा पुन्हा वाढायचंय. आणि काठोकाठ भरला म्हणजे, पुरे झालं, आता उठा!

म्हणजे दोन वर्षांनी बोलता झालेल्या माणसाला मी भर बैठकीत, त्याच्याच घरात, 'पुरे करा' म्हणालो होतो!

मी अनवाणीच धावलो. बोबो घरासमोर तुतीच्या झाडाखाली बाकड्यावर बसले होते. मला बघून कसंनुसं हसले आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाले. मागून आलेल्या बाईंनी सांगितलं, "कहते हैं, मेहमान थक गया। बूढ़ा आदमी बहुत बोलता है।"

काय सांगू, फार लाज वाटली हो. मी त्यांचा हात धरला आणि हिंदी विसरून सरळ मराठीतच बोललो. "बोबो, आमच्यात जीव लावला की कप भरून देतात. सांडंपर्यंत! अर्धा कप आम्ही फक्त नकोशा माणसाला देतो, त्यानं लवकर उठावं म्हणून. मला तुमची गोष्ट ऐकायचीय. त्या पोराचं पुढं काय झालं?"

शेख सरांनी त्याचं हिंदी केलं, बाईंनी उझबेक. म्हाताऱ्यानं काठी उचलली. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठला. आम्ही आत आलो, पुन्हा बसलो, आणि त्यांनी गोष्ट पहिल्यापासून सुरू केली. माझा जीव भांड्यात पडला.

मध्येच किटली हातात घेऊन ते थबकले. बोटांवर काहीतरी मोजलं आणि सुनेला एक प्रश्न विचारला. ती डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावून हसायलाच लागली.

"क्या बोले?" मी विचारलं.

"बोबो पूछते हैं," बाई कशाबशा म्हणाल्या, "पाँच दिन से हम रोज बीस बार आपको आधा पियाला दे रहे हैं। आपके यहाँ इसका मतलब 'उठो' है, तो आप दोनों अब तक उठे क्यों नहीं?"