आत्याचं कुलूप

साठ हजार लोकांची आत्या होण्याआधी ती एकट्या भाच्याची आत्या होती. वय बावन्न, नोकरी चष्म्याच्या दुकानात, काम भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचं. स्वभाव असा, की शेजारच्या घरी दूध उतू गेलं तरी घालमेल हिच्या जिवाची.

भाचा गेम खेळत त्याचे व्हिडिओ करायचा. भर उन्हाळ्यातही डोक्यावर कानटोपी, म्हणून लोक त्याला कानटोपीच म्हणत. गेम साधा होता: ओसाड बेटावर सगळ्यांनी मिळून गाव वसवायचं. सुरुवातीला बघणारे-खेळणारे मिळून एकतीस, त्यातले पाच घरचे. पोरगं वेळेवर जेवतं की नाही, एवढंच बघायला आत्या त्यात शिरली आणि तिथलीच झाली. नवा कुणी आला की ती आपणहून लिहायची, "आलास? जेवलास का?" लोक भाच्याचा खेळ बघायला येत आणि आत्याच्या या प्रश्नापायी टिकत. भाच्याला हे पटत नसे, पण खरं तेच होतं.

चार वर्षांत एकतीसचे साठ हजार झाले. देखरेख आत्याकडे. आता कोण आलं, कोण रुसलं, काही पत्ता लागेना. दुकानात ती घासायच्या यंत्राशेजारीच फोन उभा करून ठेवायची, आणि तो दहा मिनिटं गप्प राहिला तरी तिला धडधडायचं.

त्यात चोर शिरले. दुसऱ्याचं खातं पळवायचं आणि त्याच्या खेळातल्या कोठारातलं सगळं आपल्या साथीदारांना वाटून टाकायचं, ही त्यांची रीत. एका शाळकरी मुलीच्या चाळीस मेंढ्या गेल्या. पोर दोन दिवस रडली. तेव्हा आत्याने नियमच करून घेतला: जो एका बैठकीत आपलं सगळं वाटेल, त्याचं खातं चोवीस तास बंद. वर भाच्याला बजावलं, "किल्ली माझ्याकडे देऊ नकोस बाबा. कुणी गयावया केली की मी विरघळते. उघडायचं ते तूच." लोकांनी वाहवा केली आणि आत्या जरा फुगलीही.

बुधवारी सकाळी साडेअकराला, एका गिऱ्हाइकाची फ्रेम हातात असताना, फोनवर दिसलं: कासव सगळं वाटतोय. कासव या नावाने खेळणारा हा पहिल्या एकतिसांतला. नुसतं दीपगृह बांधायला त्याने दोन वर्षं घेतली होती. आत्याच्या हिशेबी तो कुणी कॉलेजातला आळशी पोरगा होता. 'मेल्यांनी गरिबाचं खातं पळवलं,' असं पुटपुटत तिने कुलूप लावलं. सगळ्यांच्या पडद्यावर आपोआप झळकलं: कासव, चोरीच्या संशयावरून बंद.

मग तिने यादी बघितली. लाल होडी, पाण्याला भिणाऱ्या एका मुलाला. चाळीस मेंढ्या, त्या रडलेल्या मुलीला. दीपगृहाची घंटा, आत्याला. चोर कधी असं माणूस बघून देतो का?  हे खातं कुणीही पळवलेलं नव्हतं. हा माणूस निरवानिरव करत होता, आणि तिने त्याच्या तोंडावर दार लावलं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी!

तिने भाच्याला फोन लावला. उचलेना. खेळात लिहिलेला निरोपही गर्दीत वाहून गेला. बुधवारी दुपारपर्यंत त्याचा थेट खेळ चाले, फोन मुका.

"मालक, मी जाते," ती म्हणाली.

"अहो, ही फ्रेम?"

"ती उद्याही बसेल."

बस येईना, म्हणून ती चालतच सुटली आणि दुसऱ्या चौकात चक्क पळायला लागली. पळता पळता स्वतःला शिव्या घालत होती. एवढी शहाणी, तर किल्ली का नाही ठेवलीस? सगळ्यांना 'जेवलास का' विचारलंस, 'कसा आहेस' असं किती जणांना विचारलंस?

भाच्याच्या खोलीचं दार तिने धाडकन उघडलं.

"आत्या! लाइव्ह आहे! नऊ हजार लोक बघतायत!"

"बघू देत. कासवाचं कुलूप काढ. आत्ता."

तिचा चेहरा बघून त्याने हातातला खेळ सोडला. कुलूप काढलं. आत्या धापा टाकत माइकपाशी वाकली. "कासवा, आत्या बोलतेय. तू चोर नाहीस. चूक माझी आहे. मला लिही रे. दोन शब्द लिही."

भाच्याने मग स्वतःच सगळ्यांना "आज एवढंच" म्हणत प्रक्षेपण बंद केलं. एक मिनिट गेलं. तीन गेली. 

मग तिच्या एकटीच्या खात्यावर अक्षरं उमटली. "आहे मी. सगळं आवरून झालं होतं. आजच संपवायचं ठरवलं होतं. तेवढ्यात पडद्यावर आलं, चोरीचा संशय. छत्तीस वर्षं गोदामाच्या किल्ल्या सांभाळल्या, एक खिळा घरी आणला नाही. चोर म्हणवून जायचं नव्हतं. म्हणून कुलूप उघडायची वाट बघत बसलोय."

आत्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिने लिहिलं, "जवळ कोण आहे तुझं? नंबर दे. आणि तुझाही दे, मला फोनवर शिव्या घाल." दोन गल्ल्या सोडून बहीण राहते, असं उत्तर आलं. भाच्याने त्या बहिणीला फोन लावला, आत्याने कासवाला.

आवाज साठी उलटलेल्या माणसाचा होता.

"मला माफ करा हो तुम्ही," आत्या म्हणाली.

"आता अहोजाहो कशाला? चोराला कुणी अहोजाहो करतं का?"

"बोला, आणखी बोला."

तो बोलला. गोदामाबद्दल, बायको गेल्यापासूनच्या घराबद्दल, चार वर्षांत एकाही माणसाला न सांगितलेलं सगळं. मध्येच पुन्हा चोरीवर घसरायचा. आत्या ऐकत होती. कुणी आपल्याला असं फैलावर घ्यावं आणि ते संपूच नये, असं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

तिकडे दारावर थापा पडल्या.

"दार उघडा आधी," आत्या म्हणाली. "फोन ठेवू नका."

कडी निघाली. एक बाई धापा टाकत ओरडली, "दादा! किती वेळ लावलास उघडायला!"

"थांब गं," म्हातारा म्हणाला. "फोनवर भांडण चाललंय. मला चोर म्हणाले हे लोक. निकाल लागेपर्यंत मी कुठे जात नाही."